म्हस्कूआबांचे सात मुक्काम

लासुर्ण्यात म्हस्कूआबांचं घर कुणालाही विचारा, तो आधी हसेल आणि मग हात करून दाखवेल. हसण्यासारखं झालंच होतं तसं. सत्तरी ओलांडलेला माणूस दोन महिने झाले फिरायला जायचं आखत होता, आणि आखणं काही सरत नव्हतं. ओसरीवर गेल्या सालचं कॅलेंडर पालथं घातलेलं, त्याच्या कोऱ्या पाठीवर शिसपेन्सिलीची एक वाकडी रेघ, आणि रेघेवर सात गोल. एक गोल म्हणजे एक मुक्काम. आबांना लिहिता येतं ते सहीपुरतं, म्हणून गोलाजवळ अक्षर नव्हतं, खुणा होत्या. एकाजवळ विहीर, एकाजवळ बाभळ, एकाजवळ नुसताच एक डोळा. ते कॅलेंडर कुणी हलवलं तर आबा दिवसभर तोंड फुगवून बसत.

जायचं होतं वरंधा घाटात. आजकाल लोक गाड्या घेऊन तिथं डोंगर बघायला जातात, कठड्याला टेकून फोटो काढतात आणि भजी खाऊन परत येतात. आबांना फोटो काढायचा नव्हता. काय करायचं होतं ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण आपल्याला सांगायला हरकत नाही. त्यांना सारजाआजीला तिच्या लेकीजवळ न्यायचं होतं. कौसल्या, म्हणजे कौशी, त्यांची एकुलती लेक, तीन वर्षांची होऊन त्या वाटेवर गेली. त्याला एकेचाळीस वर्षं झाली. आणि आता आजीचे डोळे चालले होते. काचबिंदूनं डावा गेलाच होता, उजव्यानं नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं. बारामतीच्या डॉक्टरनं आबांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की हेही फार महिने टिकेल असं नाही, काय दाखवायचं ते दाखवून घ्या. डॉक्टरच्या मनात नातवाचं लग्न वगैरे असणार. आबांच्या मनात दुसरंच आलं, आणि एकदा आलं ते जागचं हललं नाही.

आता हा माणूस कोण, ते सांगायला पाहिजे. म्हस्कूआबा मेंढरांतले. अंथुर्ण्याच्या माळावर जन्म, आठव्या वर्षी हातात काठी. दिवाळी झाली की मेंढरं बाहेर काढायची, नीरेच्या अंगाअंगानं भोरकडं सरकायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आधी माघारी यायचं. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, रानाला खत होई आणि ह्यांना दाणे मिळत. असं करत चाळिशी आली. मग एका साली रोगाची साथ आली, निम्मी मेंढरं डोळ्यांदेखत गेली, उरलेली विकून टाकली. पुढं बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर अठरा वर्षं राखणदारी केली. पहिल्या महिन्यात त्यांचे पाय सुजले होते. जन्मभर चालून कधी सुजले नाहीत, एका जागी उभं राहून सुजले. आता दीड एकरात दोडका आणि भेंडी आहे, मुलगा आणि सून ते बघतात, आबा पाण्याची पाळी सांभाळतात.

गाडी होती नातवाची. यशराज एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो. त्यानं कुठल्याशा शाळेची मोडीत निघालेली मिनीबस आणली, बाकडी उपटून टाकली आणि आत घर केलं. झोपायला दोन फळ्या, गॅसची शेगडी, भांडी घासायला मोरी, टपावर पाण्याची टाकी आणि सोलर, मागं दार लावून घेता येईल असा संडास. संडास बघून आजीनं नाक मुरडलं, जिथं शिजवायचं तिथंच हे कसलं म्हणाली. हौशी शहरी लोकांना ही गाडी भाड्यानं द्यायची असा त्याचा बेत होता, आणि पहिली फेरी आजी-आबांना मोफत. गाडी अंगणात आली त्या दिवशी यशराज आबांना मोठ्या उत्साहानं समजावत होता की बघा आबा, ह्यात मजा अशी, की घर आपल्या संगट असतं, आवडंल तितं थांबायचं, चूल मांडायची, सकाळी गुंडाळून पुढं निघायचं. अरे बाबा, कुणाला सांगतोयस. तीस वर्षं दुसरं काय केलं त्या माणसानं? आबांनी खाली वाकून चाकं बघितली, दोन लाथा मारल्या आणि म्हणाले, घोडीपेक्षा बरी हाय, लाथ मारत न्हाय.

मग सुरू झाली आखणी, आणि आखणीत गाडी अडली.

यशराजच्या हिशेबानं लासुर्णे ते घाट म्हणजे सकाळी चहा घेऊन निघायचं आणि दुपारी तिथं जेवायचं. आबांचे मुक्काम सात. तेही कसे, तर मेंढरू एका दिवसात चालेल तेवढ्या टप्प्यावर, जवळ पाणी आणि बाजूला चरायला रान बघून. गाडीला चरायला कशाला लागतंय, असं नातवानं विचारलं. आबा म्हणाले, लागत नसंल, पण मुक्काम तितंच असतोय. मग नात प्रतिक्षा मध्ये पडली. ती एमआयडीसीतल्या दूध डेअरीत तपासणीच्या कामाला आहे, पोरगी शांत आहे आणि तिला आबांचा लळा आहे. ती मोबाइलवर नकाशा काढून बसली आणि एकेक मुक्कामाचं नाव विचारू लागली. आबा सांगत, विहीरवाल्या तात्याचं रान. त्याच्या पुढं बाभळीचं रान. त्याच्या पुढं एका डोळ्याच्या पाटलाचं रान. गावाचं नाव काय हो आबा? ते आबांना माहीत नव्हतं. अहो, खरंच माहीत नव्हतं. मेंढरं गावातून जात नाहीत, गावाच्या पाठीमागून रानारानानं जातात, आणि ज्याच्या रानात बसली त्याचं नाव तेवढं ध्यानात राहतं. तो एका डोळ्याचा पाटील कधीच मेला असणार, त्याच्या रानात आज काय उभं असेल देव जाणे. प्रतिक्षा रोज कामावरून आल्यावर तासभर बसायची, नकाशा बोटानं मोठा करायची, लहान करायची आणि शेवटी मोबाइल पालथा ठेवायची.

सातवा गोल मात्र आबांना पक्का ठाऊक होता. त्याच्याजवळ त्यांनी काही काढलं नव्हतं, नुसती पेन्सिल इतकी दाबून फिरवली होती की कागद फाटायला आला होता.

त्या साली झालं होतं असं. भोर मागं टाकल्यावर बिऱ्हाड दोन वाटांनी जायचं. बायका, पोरं आणि सामान लादलेल्या घोड्या पुढं. पुरुष मेंढरं चारत आडरानानं मागं. घोडीवर आधी भांडी, त्यावर वाकळा, त्यावर बांधलेली चारदोन कोकरं, आणि कोकरांच्या बरोबरीनं लहान पोरं. कौशी तशीच जायची, दोन कोकरांच्या मधे. त्या फेरीला आबांची मेंढरं मागं पडली, कारण एक मेंढी अडली. ती सुटेपर्यंत आबा एक रात्र जास्त थांबले. पाठीमागून तळावर पोहोचले तेव्हा नवं कोकरू त्यांच्या खांद्यावर होतं. पांढरं, कपाळावर तांबडा ठिपका. त्यांनी लांबूनच सारजेला हाक मारली, आणि पहिला शब्द कुठला निघाला तोंडातून? म्हणाले, कौशीला दाव.

सारजा भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. आबांची आई, सिंधुबाई, पुढं झाली, तिनं खांद्यावरचं कोकरू काढून घेतलं आणि सांगितलं. तापानं गेली, दोन दिवस झाले, ठिवली आमी. दुसऱ्या दिवशी पहाटे घोड्या लादल्या. मेंढरं थांबत नाहीत हो, त्यांना काय कळतंय. आणि मेलेल्या लेकराचं नाव तळावर कुणी काढत नसे, तशी रीतच होती. एकाच्या घरातलं दुःख दहा बिऱ्हाडांनी पाठीवर घेऊन चाललं तर घाट चढायचा कसा. म्हणून आबांनी विचारलं नाही, कुठं ठेवली. त्या दिवशी विचारलं नाही, मग विचारायचं राहूनच गेलं.

पुढल्या साली घाटाच्या माथ्याला, मेंढरांच्या पायवाटेवर, एका हिरड्याखाली त्यांना दगडांची लहानशी रास दिसली. मूठभरच. आबांनी मनाशी धरलं की हीच. मग दरवर्षी जाताना एक आणि येताना एक दगड ते तिथं ठेवत गेले, डोक्याचा पटका सोडून क्षणभर थांबत गेले. मेंढरं सुटली, फाटकावरची नोकरी लागली, तरी आबा मनातल्या मनात त्या हिरड्याखाली जाऊन यायचे. हे त्यांनी सारजेला कधी सांगितलं नाही. तिचा जीव कशाला दुखवा, असं त्यांना वाटायचं. माणूस स्वतःच्या भित्रेपणाला किती चांगली नावं देतो बघा.

एका रविवारी दुपारी सगळे ओसरीवर होते. आजी गवार मोडत होती. नजर नसली तरी बोटांना गवार कळते. यशराज वैतागला होता. आबा, सात मुक्काम न्हाय जमणार, एकच धरा, कुठला धरायचा ते सांगा, म्हणाला. आबांनी फाटायला आलेल्या गोलावर बोट ठेवलं. हा. माथ्याला, हिरड्याखाली.

आजीनं गवार मोडायची थांबवली. तितं काय हाय, म्हणून विचारलं.

आबांनी दोन महिने हे वाक्य मनात घोळवलं होतं. घाटात गेल्यावर, गाडीतून उतरल्यावर, तिचा हात धरून म्हणायचं ठरवलं होतं. ते असं गवारीच्या ढिगासमोर, नातवंडांच्या पुढ्यात म्हणावं लागेल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आपली कौशी," आबा म्हणाले.

आजीनं मांडीवरचं सूप चाचपून खाली ठेवलं.

"तितं कौशी न्हाय," ती म्हणाली. "माथ्याला मेंढरं जायची. आमी बायका घोड्या घिऊन सडकंनं जायचो. तुमच्या वाटंवर माझी लेक कशी आसंल?"

आबांच्या हातातली पेन्सिल खाली पडली आणि ओसरीवरून घरंगळत अंगणात गेली. कुणी उचलली नाही. इतकी वर्षं मेंढरामागं चाललेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती, की बायका वेगळ्या वाटेनं जात होत्या. त्यांना आपली वाट तीच वाट वाटली होती. तो ढीग कुणाचा होता कुणास ठाऊक. कुणा दुसऱ्याचं लेकरू असेल, नाहीतर गुराख्यानं सहज रचलेले दगड. त्याच्यापुढं आबांनी दहा वर्षं पटका सोडला होता. ते भिंतीला टेकून बसले.

आणि मग, पहिल्यांदा, त्यांनी ते विचारलं. कुठं ठिवलीस तिला?

सारजाआजीनं सांगितलं. रडली नाही, आवाज चढवला नाही, वाट सांगावी तसं सांगितलं. भोर सोडलं त्या संध्याकाळी कौशीच्या अंगात ताप भरला. पुढच्या मुक्कामाला, नदीच्या काठाला, उजाडताना ती गेली. सासू म्हणाली हितंच ठिवू. बाकीच्या बायकाही तेच म्हणाल्या, कारण घोड्या लादून झाल्या होत्या. सारजेनं ऐकलं नाही. तिनं कौशीला वाकळेत गुंडाळलं आणि रोजच्यासारखं घोडीवर दोन कोकरांच्या मधे बांधलं. कोकरं तिच्या अंगावर मान टाकून झोपायची तशी त्या दिवशीही झोपली. तशीच एक मुक्काम पुढं नेली. पुढच्या तळावर पुरुष गाठ घालणार होते, ठरलेलं होतं.

"तुमी त्या सांजंला येणार हुता," आजी म्हणाली. "बापानं तोंड बगावं म्हणून न्हेली मी तिला. रातभर मांडीवर घिऊन बसले. दुसऱ्या दिशी दोपारपातुर वाट बगितली. मग सासूबाय म्हणल्या, सारजे, आता न्हाय ठिवता यायची. तितंच मातीत ठिवली आन घोड्या लादल्या, तुमी गाठलं ते त्याच्या पुढल्या तळावर."

यशराज, ज्याच्या तोंडाला दिवसभर विसावा नसतो, तो आपल्या हाताच्या तळव्याकडं बघत होता. प्रतिक्षाला आपल्या बापाला एक बहीण होती हेच आज कळलं होतं. मेंढीसाठी थांबलो होतो हे आबांना एकेचाळीस वर्षं माहीत होतं, आणि ते त्यांनी कसंबसं पचवलंही होतं. धंदाच तो होता, अडलेली मेंढी टाकून येता येत नाही. पण पलीकडच्या तळावर आपली वाट बघत कुणी मेलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसलं होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पटक्याचं टोक तोंडात धरलं आणि ते रडले. नातवंडांसमोर म्हातारा माणूस असा रडताना बघवत नाही, पण ती पोरं उठून गेली नाहीत.

बऱ्याच वेळानं आजीनंच प्रतिक्षाला विचारलं, तुझ्या त्या फोनात गावं असत्यात न्हवं? मग ती नावं सांगू लागली. कुठल्या गावात हापशावर पाणी भरलं, कुठल्या गावात एका बाईनं लेकरांना ताक दिलं, कुठल्या पुलापाशी घोडी बुजली. बायका सडकेनं गेल्या होत्या, दारोदार पाणी मागत आणि लोकर विकत गेल्या होत्या, त्यांना सगळी नावं ठाऊक होती. प्रतिक्षानं टाकलेलं प्रत्येक नाव नकाशावर सापडत गेलं. दोन महिने जे जमलं नाही ते अर्ध्या तासात झालं. आबांचं कॅलेंडर तिथंच पडलं होतं, त्याच्याकडं कुणी बघितलं नाही, आबांनीही नाही.

चौघं निघाले ते पुढच्याच आठवड्यात, माघ महिन्यात, सकाळी. आजीनं धपाटी बांधून घेतली, गाडीतल्या शेगडीवर तिचा विश्वास नव्हता. एकच गोष्ट बाकी होती, आणि ती कुणी बोलत नव्हतं. घाटात रस्ता रुंद करायचं काम चालू आहे असं यशराजच्या कानावर आलं होतं. जागा राहिली असेल की नाही, आणि राहिली असली तरी आजीला त्या नळीएवढ्या नजरेतून ओळखू येईल की नाही. आबा आजीच्या शेजारी बसले होते. भोर गेलं, धरणाचं पाणी एका अंगाला चमकत बराच वेळ बरोबर चाललं, मग तेही मागं राहिलं आणि वळणं सुरू झाली.

आजीनं यशराजला गाडी सावकाश घ्यायला सांगितलं. ती काचेला नाक लावून बसली होती. एक वळण गेलं, दुसरं गेलं. एके ठिकाणी डोंगर ताजा तासलेला होता, लाल माती उघडी, जेसीबी उभा. आजी म्हणाली, हे न्हवं, पुढं चल. पुढं एक लहान मोरी आली, खालून ओढा गेलेला. मोरी ओलांडली आणि तिनं यशराजच्या खांद्याला हात लावला.

गाडी थांबली. रस्त्याच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी उंबर होता, जुना, बुंध्याशी ढोलीचा. उंबराच्या वरच्या बाजूला थोडी सपाट जागा, वाळलेलं गवत आणि तीन दगड. एवढंच होतं. काम अजून इथवर पोहोचलं नव्हतं.

प्रतिक्षानं दार उघडलं आणि आजीला उतरवायला हात पुढं केला. आजीनं तो हात धरला, पण ती उठली नाही. तो तिनं आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

"मी एकवीस येळा आलीया हितं," ती आबांना म्हणाली. "घोडी थांबवायची, वाईच बसायची. दर बारी तिला सांगायची, बाप मागनं येतोय. आज तुमी जावा."

आबा तिच्याकडं बघत राहिले. तिला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता हे त्यांना माहीत होतं, तरी ते बघत राहिले. मग ते उतरले. चपला त्यांनी गाडीपाशीच काढल्या. उताराला पाय घसरला तेव्हा यशराज पुढं धावणार होता, पण प्रतिक्षानं त्याला मागं ओढलं. आबा गवताला धरत खाली गेले.

आजी खिडकीकडं तोंड करून बसली होती. तेवढ्या लांबचं तिला काही दिसत नव्हतं.

"पोचले का गं?" तिनं विचारलं.

"पोचले, आजी."

"बसलेत का?"

"बसलेत."

"बसू दे," आजी म्हणाली. "हाका मारू नगा."